गाव पुन्हा कुठे वसवायचं? लिदित्सेचा प्रकरण अभ्यास

प्रश्न काय होता

१९४५ च्या जूनमध्ये लिदित्से या चेक गावातल्या १४३ बायका जर्मन छळछावण्यांतून सुटून मायदेशी परतल्या. त्यांना घरी पोचवायचं तर घर नव्हतं, आणि गावही नव्हतं. तीन वर्षांपूर्वी, जून १९४२ मध्ये, जर्मनांनी तिथले पुरुष मारून गाव जमीनदोस्त केलं होतं. युद्धात पडझड झालेली गावं तेव्हा युरोपभर होती. पण तिथे निदान भिंती होत्या, विहिरी होत्या, कोणाचं अंगण कुठे संपतं हे दाखवायला एखादं कुंपण तरी होतं. लिदित्सेच्या जागी एक सपाट केलेलं शेत होतं.

अशा वेळी गाव पुन्हा वसवायचं म्हणजे नेमकं काय करायचं? त्याच मातीवर घरं बांधायची, की ती माती तशीच ठेवायची? घरं बांधायची ती कोणासाठी? या प्रश्नांची जी उत्तरं निघाली, त्यांतली काही मला फार शहाणपणाची वाटतात आणि काही अपुरी. हा अभ्यास त्या निर्णयांचा आहे. ज्यांची नोंद सार्वजनिक इतिहासात ठळकपणे आहे त्यांची नावं दिली आहेत. गावकऱ्यांची नावं मात्र मुद्दाम टाळली आहेत.

गाव आणि त्याची जागा

प्रागहून वायव्येला साधारण वीस किलोमीटर गेलं की क्लाद्नो या कोळसा आणि पोलादाच्या शहराच्या अलीकडे लिदित्से लागतं. मध्य बोहेमियाचा हा भाग उघडा, शेतीचा आणि सौम्य चढउतारांचा आहे. जुनं गाव एका ओढ्याच्या उथळ खोऱ्यात वसलं होतं. मध्यावर सेंट मार्टिनचं चर्च, जवळ शाळा, तळं, आणि एका बाजूला होराक कुटुंबाचा मोठा वाडा व धान्याची कोठारं. गावाचा लिखित उल्लेख चौदाव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतो. पुढची सहाशे वर्षं इतिहासाने त्याची फारशी दखल घ्यावी असं इथे काही घडलं नाही, आणि गावाच्या दृष्टीने ते बरंच होतं.

एकोणिसाव्या शतकात क्लाद्नोला कोळसा निघाला आणि आसपासच्या खेड्यांचं रूप बदललं. लिदित्सेतले बरेच पुरुष खाणीत किंवा पोलादाच्या कारखान्यात पाळीने कामाला जाऊ लागले. घरामागे थोडी शेती, कोंबड्या, ससे, फळझाडं, आणि रोजगार मात्र शहरात, असं ते गाव होतं. १९४२ मध्ये वस्ती पाचशेच्या आसपास होती. पुढचं समजून घ्यायला ही पाळीची नोकरी ध्यानात ठेवावी लागते. १० जूनच्या पहाटे काही माणसं केवळ रात्रपाळी होती म्हणून गावात सापडली नाहीत. नंतर शोधून त्यांनाही मारलं.

१० जून १९४२

बोहेमिया आणि मोराव्हिया हे चेक प्रांत मार्च १९३९ पासून जर्मनीच्या ताब्यात होते. सप्टेंबर १९४१ पासून तिथला खरा सत्ताधीश होता राइनहार्ड हायड्रिख. २७ मे १९४२ ला प्रागमध्ये ब्रिटनहून विमानाने उतरवलेल्या दोन चेकोस्लोव्हाक सैनिकांनी, योझेफ गाब्चिक आणि यान कुबिश यांनी, त्याच्या मोटारीवर हल्ला केला. ४ जूनला तो मेला.

हल्लेखोर सापडत नव्हते. त्याच दिवसांत स्लानी नावाच्या जवळच्या शहरातल्या एका कारखान्यात कामगार मुलीच्या नावे एक पत्र आलं. एका विवाहित तरुणाने तिच्याशी असलेलं प्रेमप्रकरण संपवण्यासाठी लिहिलेलं ते पत्र होतं, आणि त्यातली वाक्यं गूढ वाटावीत अशी होती. मुलगी त्या दिवशी कामावर नव्हती. मालकाने पत्र फोडलं आणि पोलिसांकडे दिलं. चौकशीत लिदित्सेतल्या दोन घरांची नावं पुढे आली. त्या दोन्ही घरांतला एकेक मुलगा ब्रिटनला जाऊन तिथल्या हवाई दलात दाखल झाला होता. घरांच्या झडतीत काही मिळालं नाही. हल्ल्याशी गावाचा संबंध कधीच सिद्ध झाला नाही, कारण तो नव्हताच.

तरी ९ जूनला, बर्लिनमध्ये हायड्रिखची अंत्ययात्रा झाली त्याच दिवशी, हिटलरचा हुकूम प्रागमधला जर्मन पोलीसप्रमुख कार्ल हेर्मान फ्रांक याच्यापर्यंत पोचला. प्रौढ पुरुषांना गोळ्या घाला, बायका छळछावणीत पाठवा, ‘जर्मन करण्याजोगी’ मुलं वेगळी काढा, गाव जाळून जमीनदोस्त करा. त्या रात्री गावाला वेढा पडला. सकाळी होराकांच्या वाड्यात पुरुषांना आणलं. गोळ्या भिंतीवर आपटून उलट येऊ नयेत म्हणून कोठाराच्या भिंतीला गाद्या लावल्या होत्या. आधी पाचापाचांच्या आणि मग दहादहांच्या रांगा. दुपारपर्यंत १७३ पुरुष मारले गेले. गावचे वृद्ध पाद्री योझेफ श्टेम्बेर्का त्यांच्यातच होते.

त्या सामूहिक खड्ड्याचं काम तेरेझीनच्या घेट्टोतून आणलेल्या तीस ज्यू कैद्यांकडून करून घेतलं. गावात घडलं काय, हे प्रथम पाहणाऱ्या बाहेरच्या माणसांत हे तीस जण होते, आणि तेही दुसऱ्या एका छळाचे बळी होते.

बायका आणि मुलं क्लाद्नोच्या शाळेच्या व्यायामशाळेत नेली. तिथे तीन दिवसांनी त्यांची ताटातूट केली. बायका जर्मनीतल्या राव्हेन्सब्रुक छळछावणीत गेल्या. ८८ मुलं पोलंडमधल्या वूच शहरात नेली, त्यांतली मोजकी जर्मन घरांत द्यायला निवडली आणि ८२ मुलं खेल्म्नो इथे विषारी वायूने मारली.

खूण पुसण्याचं काम

पुढच्या निर्णयांचं मूळ इथे आहे, म्हणून हे सविस्तर सांगायला हवं.

घरं त्याच दिवशी पेटवली. उभ्या राहिलेल्या भिंती सुरुंग लावून पाडल्या. चर्चही तसंच उडवलं. मग जर्मन श्रमसेवेच्या तुकड्या आल्या आणि महिनोन् महिने काम चाललं. ढिगारे उचलले, तळं बुजवलं, ओढ्याचा प्रवाह वळवला, रस्ता हलवला, झाडं तोडली. दफनभूमीतल्या कबरीसुद्धा उकरल्या. खोऱ्याचा उतार बदलेल इतकी माती इकडची तिकडे केली. कोणी जुनी खूण शोधत आलं तर ती सापडू नये असं ते काम होतं. झाडांपैकी एक नासपतीचं झाड मात्र वाचलं.

हे सगळं गुपचूप केलं नाही, हे ध्यानात घ्यायला हवं. जर्मन रेडिओने स्वतःच जाहीर केलं की लिदित्सेची घरं जमीनदोस्त केली आणि गावाचं नाव मिटवलं. विध्वंसाचं चित्रीकरण केलं, आणि तेच पुढे न्यूरेंबर्ग खटल्यात पुरावा म्हणून दाखवलं गेलं. दहशत बसवायला दिलेल्या या बातमीने जगभर उलटाच परिणाम केला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या एका वस्तीने १९४२ च्या जुलैतच लिदित्से हे नाव घेतलं. मेक्सिको सिटीतल्या एका भागाला ते नाव मिळालं, व्हेनेझुएलात काराकास शहरातल्या वस्तीला मिळालं, लॅटिन अमेरिकेत मुलींचं नाव म्हणूनही ते रुजलं.

इंग्लंडमध्ये स्टोक-ऑन-ट्रेंट या कुंभारकामाच्या आणि कोळशाच्या शहरात डॉ. बार्नेट स्ट्रॉस नावाचे नगरसेवक होते. तिथल्या खाणकामगारांना त्यांनी सांगितलं की मारले गेलेले आपल्यासारखेच खाणकामगार आहेत. ६ सप्टेंबर १९४२ ला तिथे ‘लिदित्से जगेल’ ही मोहीम सुरू झाली. सभेला निर्वासित चेकोस्लोव्हाक सरकारचे अध्यक्ष एडवर्ड बेनेश हजर होते. मजुरीतून पैसे काढून लोकांनी ३२ हजार पौंड जमवले. म्हणजे गाव पुन्हा उभं करायचं हा संकल्प गावातल्या कोणाच्या कानावर जाण्याआधी परदेशात सुटला होता. याचे फायदे झाले आणि एक ओझंही आलं, त्याकडे पुढे येतो.

परतीचा जून

राव्हेन्सब्रुकमध्ये तीन वर्षं काढलेल्या या बायकांना पुरुषांचं काय झालं हे ठाऊक नव्हतं. नवरे कुठल्यातरी मजूर छावणीत असतील, मुलं कुठल्यातरी संस्थेत वाढत असतील, या आशेवर त्या जगल्या होत्या. मायदेशाच्या वाटेवर आणि क्लाद्नोला पोचल्यावर त्यांना खरं कळलं. २०३ जणी गेल्या होत्या, ६० जणी गेल्या त्या गेल्याच. जगभरात ज्या गावाचं नाव वस्त्यांना आणि मुलींना दिलं जात होतं, त्या गावाचं काय झालं हे त्याच गावच्या बायकांना सर्वांत शेवटी कळलं.

पुरुषांपैकी तिघे जिवंत होते. दोघे ब्रिटनच्या हवाई दलात. तिसरा घटनेच्या वेळी एका जुन्या गुन्ह्यासाठी तुरुंगात होता आणि त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. १९४२ च्या हिवाळ्यात सुटल्यावर तो नेहमीच्या वाटेने घरी चालत आला. जिथे वळल्यावर चर्चचा मनोरा दिसायला हवा, तिथे बर्फाखालचं मोकळं रान होतं.

१० जून १९४५ रोजी, तिसऱ्या स्मृतिदिनी, त्या रानावरच मोठी सभा झाली आणि सरकारने जाहीर केलं की लिदित्से पुन्हा बांधलं जाईल. बायका तोवर क्लाद्नोत तात्पुरत्या राहत होत्या. पुढे २२ मे १९४६ ला फ्रांकला प्रागच्या पांक्राट्स तुरुंगात जाहीर फाशी झाली. त्याने न्यायाचा एक भाग झाला. छपराचा प्रश्न तसाच होता.

समोरचे पर्याय

जाहीर करणं सोपं होतं. कुठे, हे ठरवणं अवघड होतं. तीन वाटा होत्या.

पहिली वाट म्हणजे त्याच जागी, जुन्या रचनेत गाव उभं करायचं. मिटवू पाहणाऱ्याला याहून थेट उत्तर नाही. भावनेला हे सर्वांत जवळचं. पण होराकांच्या वाड्याशेजारी १७३ पुरुषांची कबर होती. तिच्या कडेने रस्ते आखायचे, तिथून रोज दूध आणायला जायचं, मुलांनी तिथे चेंडू खेळायचा, हे त्याच पुरुषांच्या बायकांना झेपलं असतं का? शिवाय हद्दी, तळं, ओढा, सगळंच हललेलं. जे उभं राहिलं असतं ते जुनं लिदित्से नसतंच, जुन्यासारखं दिसणारं काहीतरी झालं असतं.

दुसरी वाट म्हणजे गाव परत बांधायचंच नाही. जागा स्मारक म्हणून राखायची आणि बायकांना क्लाद्नोत किंवा इतरत्र घरं द्यायची. ही वाट केवळ कागदावरची नव्हती, कारण चेक भूमीवरच तिचं उदाहरण आहे. लिदित्सेनंतर पंधरवड्याने, २४ जून १९४२ ला, पूर्व बोहेमियातल्या लेझाकी या वाडीचाही असाच नाश झाला. तिथे ब्रिटनहून हवाई छत्रीने उतरलेल्या दुसऱ्या एका गटाचा रेडिओ ट्रान्समीटर खरोखरच वापरात होता. ३३ प्रौढांना त्याच रात्री पार्दुबित्से इथे गोळ्या घातल्या. मुलांपैकी ११ खेल्म्नोला मारली गेली, दोन बहिणी वाचल्या. लेझाकी परत वसवलं नाही. वसवणार कोणासाठी? आज तिथे घरांच्या जागा ग्रॅनाइटने दाखवल्या आहेत. स्मारक म्हणून ती जागा पाहणाऱ्याचा घसा कोरडा पाडते, पण तिथे कोणी राहत नाही.

तिसरी वाट म्हणजे जुनी जागा मोकळी ठेवायची आणि तिला लागून, पण कबरीपासून अंतर राखून, नवं गाव बांधायचं. फ्रान्समधल्या ओरादूर-सुर-ग्लान या गावाने हीच वाट धरली. तिथे योगायोगाने त्याच तारखेला, १० जून १९४४ रोजी, जर्मन सैनिकांनी ६४३ माणसं मारली होती. फ्रान्सने जुन्या गावाचे भग्नावशेष तसेच जपले आणि शेजारी नवं गाव उभारलं. पण ओरादूरला जपायला जळक्या भिंती होत्या, गंजलेली मोटार होती. लिदित्सेला जपायचं होतं ते रिकामपण.

दुसरी आणि तिसरी वाट यांत फरक कोणत्या आकड्याने पडला, हे पाहिलं तर निर्णय उलगडतो. लेझाकीत परतून राहील असं जवळजवळ कोणी नव्हतं. लिदित्सेत १४३ बायका होत्या. त्या एकमेकींच्या शेजारणी होत्या, छावणीत एकमेकींना धरून राहिल्या होत्या. त्यांना क्लाद्नोच्या वेगवेगळ्या चाळींत विखरून टाकलं असतं तर बंदुकीने जे साधलं नव्हतं ते घरवाटपाच्या यादीने साधलं असतं. म्हणून तिसरी वाट. मला हा या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय वाटतो.

बांधकाम

नव्या गावासाठी जुन्या जागेपासून सुमारे ३०० मीटरवरची, थोडी वरच्या अंगाची जमीन धरली. १९४७ मध्ये पायाभरणी झाली, १९४८ मध्ये प्रत्यक्ष बांधकाम सुरू झालं. आराखडा १५० घरांचा होता. बागेसकट, स्वतंत्र, दुमजली कौटुंबिक घरं आणि रुंद रस्ते. आसपासच्या कामगारांनी आणि तरुणांनी श्रमदान केलं. मध्येच, फेब्रुवारी १९४८ मध्ये, देशात कम्युनिस्ट सत्ता आली. लिदित्से मग नव्या राजवटीच्याही अभिमानाचं बांधकाम झालं.

इथे दोन गोष्टी खटकतात. पहिली, घरांचा आकार. नवरा, बायको, दोन-तीन मुलं, आजी-आजोबा अशा कुटुंबाला साजेशी घरं, आणि त्यांत राहायला आलेल्या बायकांपैकी बहुतेक एकट्या. कोणाची एखादी मुलगी परतलेली, कोणाचं कोणीच नाही. जिथे सगळीकडे माणसं असायला हवीत अशा घरात एकटीने वरच्या मजल्यावर जाणं म्हणजे काय, याचा विचार आराखड्यात दिसत नाही. आराखडा गावाच्या भवितव्यासाठी होता, पहिल्या रहिवाशांसाठी नव्हता. दोन्ही हेतू योग्य आहेत, पण ते एकच नाहीत.

दुसरी गोष्ट, चर्च. सेंट मार्टिनचं चर्च पुन्हा बांधलं नाही. जुन्या जागेवर त्याचा पाया दिसतो, नव्या गावात त्याच्या जागी काही नाही. पाद्र्यासकट मारल्या गेलेल्या गावाला प्रार्थनेची जागा नसावी, याला राजवटीची धर्माविषयीची भूमिका कारण असणार. पण ज्या बायकांनी त्या चर्चमध्ये लग्नं लावली, बारसी केली, त्यांच्यापुरतं पाहिलं तर हा तुटलेला धागा होता.

मुलांचा शोध

घरांच्या बरोबरीने दुसरं काम चाललं होतं, आणि बायकांना त्याचीच जास्त ओढ होती. मुलं कुठे आहेत? एकूण १०५ मुलांपैकी किती, कुठे आणि कोणत्या नावाने जिवंत असतील, याचा शोध साधारण दोन वर्षं चालला. जर्मनी, पोलंड, अनाथालयं, दत्तक घेतलेली कुटुंबं, सगळीकडे चौकशा. शेवटी १७ परत आली. काही जणांना जर्मन कुटुंबांनी दत्तक घेतलं होतं, काही इतकी तान्ही होती की त्यांना अनाथालयात ठेवलं होतं.

एका मुलीचं सांगतो. दहा वर्षांची असताना तिला वेगळं काढलं आणि पोझनानच्या एका जर्मन जोडप्याला दिलं. नवं नाव, नवी भाषा, नवी शाळा. १९४६ मध्ये तिला शोधून परत आणलं तेव्हा ती चेक बोलणं विसरली होती. वडील आणि भाऊ मारले गेले होते. आई छावणीतून आजारी होऊन आली होती आणि इस्पितळात होती. लेक पलंगापाशी उभी राहिली तेव्हा आईचं बोलणं तिला कळेना आणि तिचं आईला. दुसऱ्या कोणाला मध्ये उभं राहून सांगावं लागलं. मुलगी पुन्हा चेक शिकली. चारेक महिन्यांत आई गेली. पुढच्याच वर्षी ही मुलगी न्यूरेंबर्गला, मुलं पळवून त्यांना जर्मन करणाऱ्या अधिकाऱ्यांवरच्या खटल्यात, साक्षीला उभी राहिली.

हा शोध सरकारने नेटाने केला. पण ‘मूल सापडलं’ म्हणून नोंद झाली की प्रकरण मिटलं, असं धरून व्यवस्था चालली. सापडलेल्या मुलाला आई पुन्हा ओळखू येण्यासाठी, दत्तक घरातल्या वर्षांचं काय करायचं हे कळण्यासाठी, त्या काळात हाताशी फारसं काही नव्हतं. १९४६ च्या युरोपात ही अपेक्षा कदाचित अवाजवी ठरेल. तरीही आज असं प्रकरण हाताळणाऱ्याने इथे थांबून विचार केला पाहिजे.

गुलाब, आणि ब्याऐंशी मुलं

जुनं गाव आणि नवं गाव यांच्यामधला पट्टा बराच काळ नुसताच होता. बार्नेट स्ट्रॉस यांनी पुढाकार घेतला आणि १९५५ मध्ये तिथे गुलाबांची बाग झाली. जगभरातून सुमारे २९ हजार रोपं आली. घर आणि कबर यांच्यामध्ये जायला-यायला एक वाट झाली. गावात राहणारीने वाटलं तर बागेपर्यंत यावं, वाटलं तर पलीकडे काटेरी तारेचा मुकुट घातलेल्या क्रूसापर्यंत जावं, नाहीतर कुठेच जाऊ नये. स्मारकाच्या अगदी शेजारी राहणाऱ्याला ही निवड मिळाली, हे त्या बागेचं खरं काम. नव्वदीच्या दशकात बागेची हेळसांड झाली, नव्या शतकाच्या सुरुवातीला ती पुन्हा लावली.

मारल्या गेलेल्या मुलांचं स्मारक मात्र फार उशिरा आलं. शिल्पकार मारिए उखितिलोवा यांनी १९६९ मध्ये ८२ मुलांच्या शिल्पसमूहाचं काम हाती घेतलं. ४२ मुली, ४० मुलगे, प्रत्येक वेगळा चेहरा, पूर्ण उंचीचा. वीस वर्षं त्यांनी ते केलं, बरंचसं स्वतःच्या पैशांनी. १९८९ मध्ये सगळी शिल्पं प्लास्टरमध्ये पुरी झाली आणि त्याच नोव्हेंबरात त्या वारल्या. ब्राँझमध्ये ओतायचं काम त्यांचे पती यिरी हाम्पल यांनी देणग्या गोळा करत चालवलं. १९९५ मध्ये पहिली शिल्पं बसली, शेवटची २००० मध्ये. मुलं गेली त्याला तोवर ५८ वर्षं झाली होती. त्यांच्या आयांपैकी बहुतेक जणींनी ती पाहिली नाहीत.

मुलांशी जोडलेली दुसरी गोष्ट म्हणजे लिदित्सेचं बालचित्रकला प्रदर्शन. ते १९६७ पासून भरतं. आधी देशापुरतं होतं, काही वर्षांत आंतरराष्ट्रीय झालं. भारतातल्या शाळांतूनही दरवर्षी तिथे चित्रं जातात.

आज काय दिसतं

पुनर्वसन म्हणून पाहिलं तर लिदित्से तगलं. नव्या गावात आज पाचशेहून थोडे अधिक लोक राहतात, म्हणजे वस्ती साधारण जुन्या गावाएवढी झाली. शाबूत राहिलेल्या बायका शेजारशेजारी म्हाताऱ्या झाल्या. खाली खोऱ्यात होराकांच्या वाड्याचे आणि चर्चचे पाये, कबर, मुलांचा शिल्पसमूह आणि वस्तुसंग्रहालय आहे. प्रागचा विमानतळ जवळच आहे आणि गावकरी शहरात नोकरीला जातात, जसे जुने क्लाद्नोला जात. बरीच कुटुंबं युद्धानंतर बाहेरून आलेली आहेत. त्यांच्यासाठी हे राहण्याचं गाव आहे, आणि ते तसं असणं हाच मूळ निर्णयाचा हेतू होता.

पण स्मारक कोणाचं, हा प्रश्न सुटलेला नाही. २०२० च्या सुरुवातीला स्मारकाच्या संचालकांना पद सोडावं लागलं. एका इतिहासकाराने जाहीरपणे मांडलं होतं की हत्याकांडाच्या थोडं आधी गावातल्या एका बाईने आपल्याकडे राहणाऱ्या ज्यू स्त्रीची माहिती पोलिसांना दिली होती. वाचलेल्यांच्या कुटुंबांना हे लागलं आणि वाद चिघळला. माझं मत असं आहे की बळी ठरलेल्या गावातही सगळ्या प्रकारची माणसं असतात. ते सांगितल्याने १७३ जणांच्या खुनाचं वजन तिळभरही कमी होत नाही. पण ते ज्यांच्या आजीबद्दल, शेजारणीबद्दल बोललं जातं त्यांना आधी विश्वासात न घेता टीव्हीवरून कळावं, हेही बरोबर नाही. १९४५ मध्ये बायकांना सर्वांत शेवटी कळलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

जागेच्या निर्णयात मी काही बदल सुचवणार नाही. घरांच्या बाबतीत सुचवेन. १५० एकसारख्या कौटुंबिक घरांऐवजी थोडी लहान, जोडून असलेली घरं आणि मधे एक सामाईक अंगण किंवा स्वयंपाकघर असतं, तर एकट्या बायकांना पहिली दहा वर्षं सोपी गेली असती. मोठी कुटुंबं नंतर येणारच होती, त्यांच्यासाठी दुसरा टप्पा ठेवता आला असता. कोणती शेजारीण हवी हे बायकांना विचारून घरं देणं हा तर बिनखर्चाचा भाग होता.

चर्चबद्दल, राजवट कोणतीही असो, प्रार्थनेची एक छोटी खोली तरी हवी होती.

‘लिदित्से जगेल’ या घोषणेचं जे ओझं म्हटलं, ते इथे दिसतं. जगाने गावाला प्रतीक केलं आणि त्यामुळे पैसे, रोपं, सद्भावना सगळं आलं. पण दरवर्षी १० जूनला सभा, भाषणं, पाहुण्यांची शिष्टमंडळं, आणि त्यांच्यासमोर त्याच बायकांनी बसायचं. काहींना त्यातून बळ मिळालं असेल, काहींना तो दिवस दार लावून घरात काढायचा असेल. न येण्याची मुभा अशा कार्यक्रमांच्या आखणीत आधीपासून असली पाहिजे.

आणि मुलांचं स्मारक. पुरुषांच्या कबरीला १९४५ पासून खूण होती. मुलांची राख कुठे आहे हे कोणालाच दाखवता येत नव्हतं, म्हणून त्यांना खूण आधी हवी होती. एका शिल्पकाराने स्वतःच्या मिळकतीतून वीस वर्षं जे केलं, ते सरकारने १९५० च्या दशकात, आया हयात असताना, करायला हवं होतं.